दुपारचं पाणी कुणाचं

पाटाला पाणी वाढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वर कुणाचं तरी पाटाचं दार फुटलं. लसूणघासाच्या वाफ्यात मी फावडं घेऊन उभी होते. एरवी शेवटच्या वाफ्यांना पाण्याचं नुसतं तोंड दिसायचं, तेवढ्यात माझी पाळी संपायची. त्या दिवशी ते वाफे तुडुंब भरले, पाणी बांधावरून उतरून कांद्यात शिरलं, तिथूनही पुढे निघालं, आणि माझी पाळी अजून उरलेलीच होती. मी ओढणी सावरून पाटाच्या कडेनं वरपर्यंत चालत गेले. सगळी दारं जागच्या जागी. वर विहिरीशी मात्र नव्या पंपाचा नळ पाटात असा कोसळत होता की त्याचं तोंड दिसत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर माझ्याच शेतावरच्या काचा उन्हात लखलखत होत्या.

पाणी कुठून आलं ते कळलं. ते कुणाचं, हे मात्र कळेना. खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही.

आमच्या गावाला पाणी डोंगराच्या पोटातून येतं. पूर्वजांनी खणलेल्या भुयारातून ते गावाच्या वरच्या अंगाला उघड्यावर येतं आणि मग पाटानं शेतोशेत फिरतं. त्याला आम्ही फलज म्हणतो. या फलजातला वाटा कुणी घागरीनं मोजत नाही. ज्याची त्याची वेळ ठरलेली, काही दिवसांनी फेरा पुरा झाला की ती परत येते, आणि त्या वेळेपुरता सगळा पाट त्याचा. दिवसा मशिदीच्या अंगणात रोवलेल्या सळईची सावली पाहून आणि रात्री तारे पाहून मुहन्ना काका पाळी सांगतात. त्यांच्याआधी त्यांचे वडील सांगायचे. पाणी मोजायची गरज कधी पडलीच नाही, कारण दुपारी वाहायचं तेवढंच ते मध्यरात्री वाहायचं. वेळ सारखी वाटली की पाणी सारखं वाटलं गेलं, असा सरळ हिशेब होता.

वाहत्या पाटात कुणीही हातपाय धुवावे, नमाजेआधीचा वुजू करावा, घागर भरावी. त्याला आडकाठी नाही. पण एकदा पाणी शेतात वळवलं की ते ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या वेळेचं पाणी आपल्या वाफ्यात आलं तर त्या वाफ्यात उगवलेलं गवतही आपल्याला चालत नाही, असं आई सांगायची. मी नवऱ्यामागे शेत सांभाळते. सोमवार आणि गुरुवारचे माझे रोजे असतात, आणि ते मी एक खजूर आणि माझ्या शेळीच्या दुधानं सोडते. शेळी खाते लसूणघास. म्हणजे माझा रोजा कशावर सुटतो, हे शेवटी त्या पाटावर येऊन थांबतं.

काचांची गोष्ट अशी. चार पावसाळे कोरडे गेले आणि फलज बारीक झाला. माझी खजुराची झाडं शेंड्यापासून वाळत आली, आणि मग एका वादळानं उरलीसुरली आडवी केली. आमच्याकडे खजुराच्या सावलीत लिंबू-डाळिंब आणि त्यांच्या सावलीत कांदा-लसूणघास, अशी शेती. वरचं छत गेलं की खालचं सगळं भाजून निघतं. माझं शेत असं उघडं पडलेलं असताना राजधानीतून मंडळी आली. उंच लोखंडी खांबांवर उन्हापासून वीज करणाऱ्या काचा बसवू म्हणाली, मधे फटी ठेवू, खाली बाईमाणूस उभ्यानं काम करेल एवढी उंची ठेवू. सावली माझ्या पिकाला, वीज विहिरीवरच्या पंपाला, आणि पंपाचं पाणी फलजात, म्हणजे सगळ्या गावाला. मुहन्ना काका हो म्हणाले, गाव हो म्हणालं, मीही बिस्मिल्ला म्हणून हो म्हटलं.

शेजारची सुलैमा कमरेवर हात ठेवून खांब उभे राहताना बघत होती. आमच्या दोघींच्या शेतांमधे छातीएवढी मातीची भिंत आहे. सुलैमाला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाली, "उम्म हमद, तुझ्या शेतानं पण बुरखा घेतला गं आता. उन्हाची नजर लागते होय?"

मी हसले. हमद माझा मुलगा, म्हणून मी उम्म हमद. तरुणपणापासून सुलैमाच्या थट्टेला माझं उत्तर हसणंच.

माझी पाळी भर दुपारची. ती कुणालाच नको असायची. तापल्या जमिनीत पाणी सोडलं की मुळं शिजतात, निम्मं पाणी वाफ होऊन जातं. माझा नवरा भावांत धाकटा, म्हणून उरलेली वेळ त्याच्या वाट्याला आली. सुलैमाची पाळी माझ्या नंतरच्या पहाटेची, दिवस उगवेपर्यंत. गावातली सगळ्यात चांगली वेळ. तिच्या आईला ती लग्नात नवऱ्याकडून मेहेर म्हणून मिळाली होती. आमच्याकडे चांगल्या घरचे लोक मेहेरमध्ये सोन्याबरोबर पाणी देतात. त्या पहाटेच्या पाण्यावर सुलैमाची लिंबाची बाग उभी. तिची लिंबं वाळवली की काळी, हलकी, खुळखुळ्यासारखी वाजतात, आणि सगळ्या खोऱ्यात तिच्याच लिंबांचं नाव घेतात. नवरा आजारी, मुलं दूर. बाग हेच तिचं सगळं.

काचा आल्या आणि हे सगळं उलटंपालटं झालं. ऊन जितकं कडक तितका पंप जोरात. भर दुपारी फलज फुगायचा, आणि माझ्या शेतावर आता सावली, त्यामुळे मुळं शिजायची भीतीही नाही. पहाटे पंप झोपलेला, आणि दिवसभर उपसा झाल्यामुळे भुयारातून येणारं पाणी पूर्वीपेक्षाही बारीक. जिची पाळी कुणाला नको होती तिच्या वाफ्यांतून पाणी उतू जाऊ लागलं, आणि मेहेरातल्या पहाटेला पाटात नुसती ओल.

पहिल्या काही फेऱ्यांत सुलैमाला वाटलं, मुहन्ना काकांचे डोळे गेले, ते तिची वेळ खाताहेत. तिनं मशिदीच्या अंगणात जाऊन फोनमधलं घड्याळ सावलीशेजारी धरलं. वेळ बरोबर होती. तेव्हा तिला वाटलं, वरचा कुणी रात्री चोरून दार मोडतो. ती दोन पहाटा पाटाच्या कडेला बसून राहिली. कुणी आलं नाही. मग म्हणाली, भुयारात दरड पडली असेल. दोन माणसं आत उतरून आली, भुयार स्वच्छ. लिंबांची पानं द्रोणासारखी वळायला लागली. भिंतीजवळच्या मोठ्या झाडानं हिरवी फळं टाकली. सुलैमा ती फळं ओच्यात वेचायची आणि एरवी इतकी बोलणारी बाई गप्प असायची. मला तिच्या बोलण्याचा त्रास कधी झाला नाही. गप्प बसण्याचा झाला.

मला तर कारण दिसत होतं. पण दिसत होतं म्हणजे कळत होतं का? पाळी माझी, वेळ माझी, सावली सळईवरून बोटभरही पुढे सरकलेली नाही. मी कुणाचं काही घेतलं नव्हतं. आणि तरी त्या गुरुवारी दुधाचा पेला ओठाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. खजूर आणि पाटाच्या पाण्यावर रोजा सोडला. शेळीचं दूध मांजरानं प्यायलं. त्याला काही शंका नव्हती.

मी विचारलं, तीन ठिकाणी विचारलं. हमद मस्कतला नोकरीला आहे, तो फोनवर खूप हसला. म्हणाला, जास्त पाणी आलं म्हणून तक्रार करणारी तू जगातली पहिलीच शेतकरीण असशील, आई. काचांची देखभाल करायला येतो त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, गावाला एकूण पाणी वाढलंय, सरासरी उत्तम आहे. मी म्हटलं, सरासरी कुणाच्या शेतात जाते, बाळा? शेवटी मशिदीतल्या उस्तादांकडे गेले, दाराबाहेर उभी राहून हळूच विचारलं. ते म्हणाले, तुमच्या वेळेत आलेलं पाणी तुमचं. मी सुटले असं वाटलं. मी वळले तोच ते म्हणाले, पण ज्यात मनाला शंका येते ते सोडावं, हे उत्तम. आता यातलं मी कुठलं घेऊ? पहिलं घेतलं तर दूध पिता येतं, दुसरं घेतलं तर नाही. दोन्ही त्यांचंच.

मग माझं मीच ठरवलं. माझ्या दाराशी पाटाला जुना दगड आहे. वर्षानुवर्षं पाणी एकाच उंचीनं वाहिलं, त्याची काळी शेवाळी रेघ त्या दगडावर उमटलेली आहे. रेघेपर्यंतचं माझं, रेघेवरचं माझं नाही. मी दारात दगड अन् चिखल असा रचला की रेघेपर्यंतचं पाणी आत वळेल आणि वरचं पाटानं खाली निघून जाईल. जाईल तिकडे जाईल. अल्लाचं पाणी, तो बघून घेईल. त्या दिवशी मी शांतपणे दूध प्यायले.

पाणी खाली गेलं ते खल्फानच्या शेतात. खल्फानचं शेत माझ्या खालच्या अंगाला, आणि त्याच्या दाराची फळी कित्येक वर्षं नीट बसत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. मला ठाऊक होतं, पण माझ्या ध्यानात आलं नाही. खल्फानची बायको जाऊन तीन वर्षं झालेली. माणूस सज्जन, दाढीला मेंदी लावतो, गाढवाशी सुद्धा आदरानं बोलतो. दर फेऱ्याला भर दुपारी, माझ्याच पाळीत, त्याच्या वांग्यांना आयतं पाणी येऊ लागलं. त्यानं भिंतीवरून पाहिलं असणार की मी स्वतः दगड लावून पाणी त्याच्याकडे सोडते आहे. एक विधवा बाई एका विधुराच्या शेताला आपल्या पाळीतलं पाणी देते आहे, आणि तेही न बोलता. मेहेरात पाणी देणाऱ्या गावात याचा अर्थ काय लावतील, हे मला सुचू नये? नाही सुचलं.

एक दिवस दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजेनंतर त्याची बहीण थुरय्या आली. हातात हलव्याचं ताट, अंगावर ठेवणीतला पोशाख. मी कहवा केला. ती माझ्या घराची, पडद्यांची, हमदच्या नोकरीची चौकशी करत राहिली. मला वाटलं, कुणाच्या घरी बाळ झालं असेल. मग ती सरकून जवळ आली.

"उम्म हमद, रीत बघता पाणी पुरुषानं द्यायचं असतं. पण काळ बदलला. माझा भाऊ म्हणतो, तिनं पुढाकार घेतला यात मला कमीपणा नाही."

"कसला पुढाकार?"

"आता लाजू नका. सगळी वांगी फुगलीत त्याची."

कहव्याची किटली माझ्या हातात वाकडी झाली आणि कहवा चटईवर सांडला. जेव्हा डोक्यात शिरलं तेव्हा कान इतके तापले की मी ओढणी पुढे ओढली. तोंडातून एवढंच निघालं की ते पाणी मी त्यांना दिलेलं नाही, मी फक्त घेतलेलं नाही. थुरय्यानं हे मनातल्या मनात दोनदा उलटून पाहिलं असावं. मग म्हणाली, "म्हणजे विचार करायला वेळ हवाय." हलवा ठेवून गेली.

हलवा परत करावा तर अपमान, खावा तर होकार. तो झाकून ठेवला आणि मी नमाज पढायच्या जायनमाजवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कांदा खुरपत होते तेव्हा भिंतीपलीकडून सुलैमाचं डोकं वर आलं. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

"माझी लिंबं तहानेनं मरताहेत आणि तू नवरा भिजवतेस होय गं?"

मी उठून भिंतीशी गेले. तिला सगळं सांगितलं. काळी रेघ, दगड, दूध, उस्ताद. हळू बोलायची माझी सवय. ती कान पुढे करून ऐकत होती. खल्फानच्या वांग्यांशी आल्यावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं, आता हसेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. पण ती हसली नाही.

"म्हणजे पाणी कुठे जातंय हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मी भुयारात माणसं उतरवली. तेव्हा तू इथंच उभी होतीस."

"पाणी वाढलेलं माहीत होतं. ते तुझं आहे हे माहीत नव्हतं, सुलैमा."

"आणि आता?"

"आताही माहीत नाही."

हे ऐकून तिला राग यायला हवा होता. पण तिनं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. म्हणाली, मलाही माहीत नाही. विहीर सगळ्यांची, काचा तुझ्या डोक्यावर, वेळ तुझी, पाणी कमी झालं माझं. कुणावर ओरडू तेच कळत नाही, म्हणून गप्प होते. कुणी चोर सापडला असता तर बरं झालं असतं बाई.

तेव्हा मी मोठ्या धाडसानं म्हटलं, आपण पाळ्या बदलू. माझी दुपार तू घे, तुझी पहाट मला दे. मी आयुष्यभर थोड्या पाण्यावर शेती केली आहे.

सुलैमानं माझ्याकडे बघितलं ते अशा नजरेनं की मी काहीतरी घाणेरडं बोलले असावे. "आणि दुपारी मी ते पाणी कुठे घालू? माझ्या लिंबांवर आहे का तुझ्यासारखं छप्पर? मुळं शिजतील, तीन फेऱ्यांत बाग सरपण होईल. आणि बाग राहू दे. तू पहाटे सुतासारखं पाणी घेशील आणि निर्धास्त दूध पिशील. शंका येऊन बसेल माझ्या डोक्यावर. ती माझ्याकडे ढकलतेस होय? तुझी शंका तुझ्याकडेच ठेव."

यात तिचं बरोबर होतं. मी पाणी देत नव्हते, ओझं देत होते. पण हे तोपर्यंत मला दिसलंच नव्हतं.

मग मुहन्ना काकांना बोलावलं. गावात सावली अशी आता माझ्याच शेतात, म्हणून सगळे काचांखाली बसले. खल्फान सगळ्यांत मागे, पागोटं डोळ्यांवर ओढून. कुणी म्हणालं, पंप बंद करा, पूर्वीसारखं होईल. दुसरा म्हणाला, पूर्वीसारखं म्हणजे कसं? पंप बंद केला तर मागल्या उन्हाळ्यासारखा पाटात चिखल उरेल, तेव्हा तो चिखल वाटून घ्या सावली मोजून. कुणी म्हणालं, पाळ्या दर फेऱ्याला फिरवा. त्यावर रात्रीचे लोक हो म्हणाले आणि दिवसाचे नको म्हणाले. मग कोण रात्रीचा अन् कोण दिवसाचा यावरूनच जुंपली, कारण ज्याच्या दोन पाळ्या आहेत तो दोन्हीकडून बोलत होता. मुहन्ना काका बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत होते. सगळे दमल्यावर ते म्हणाले, "मी सावली मोजतो. पाणी मोजायला मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवणारे गेले."

म्हाताऱ्या माणसानं सगळ्या गावासमोर असं म्हणावं, हे मला ऐकवेना. मी मान खाली घातली. पाहिलं तर सुलैमा ऐकतच नव्हती. ती काचांखालच्या एका कोपऱ्यात, जिथे माझ्या पडलेल्या खजुरांचे बुंधे अजून जमिनीत आहेत, तिथे जाऊन हाताच्या तळव्यानं माती चाचपत होती. भर दुपार होती आणि ती माती गार होती.

"इथे धरून ठेवलं तर?" ती म्हणाली. "उम्म हमदच्या रेघेवरचं. इथे तापायचं नाही, उडून जायचं नाही. पहाटे माझ्या पाळीला सोडायचं."

फलजाचं पाणी अडवून रात्रभर एकाच्या शेतात ठेवणं आमच्याकडे कधी झालेलं नाही. मुहन्ना काकांनी तेच सांगितलं. मग स्वतःच म्हणाले की काचाही कधी झाल्या नव्हत्या. ते पाणी कुणाचं धरायचं, असं कुणीतरी विचारलं. माझ्या वेळेत आलेलं, माझ्या जमिनीत थांबलेलं, गावाच्या पंपानं उचललेलं आणि सुलैमाच्या पाळीत सुटणारं. यावर इतके जण एकदम बोलले की मला एकाचंही कळलं नाही. मी उठून बुंध्यांपाशी गेले आणि म्हटलं, हा कोपरा खणा. एवढंच मला खात्रीनं म्हणता येत होतं. जमीन तरी माझी होती.

बुंधे काढायला खल्फान आपणहून आला. माझ्याकडे न बघता खणत राहिला. संध्याकाळी कुदळ पुसताना जमिनीकडे बघून म्हणाला, वांग्यांना मिळालं ते पाणी परत कसं करायचं ते सांगा. मी म्हटलं, वांगीच पाठवा थोडी. त्यानं टोपली भरून पाठवली, निम्मी मला, निम्मी सुलैमाला. आता वांगी हा होकार की नकार, असं सुलैमानं भिंतीवरून विचारलं. मी तिला तो हलवा देऊन टाकला.

तळं लहानच आहे. आत चुना लावला, एका अंगाला पाणी सोडायला लाकडी बोळा बसवला. पहिल्यांदा भरलं तेव्हा सुलैमा त्याच्या काठावर बसून राहिली. त्या उन्हाळ्यात तिची बाग पुरती गेली नाही. बऱ्याच झाडांना नवी पालवी आली. भिंतीजवळचं मोठं झाड मात्र वाळलं. ती म्हणते, ते आधीच मेलेलं होतं, फक्त त्याला कळलं नव्हतं. मला तसं वाटत नाही. मी दगडावर दगड ठेवून खल्फानची वांगी भिजवत होते तेव्हा ते जिवंत होतं, असं मला कधी कधी वाटतं. बाकीच्या रात्रीच्या पाळीवाल्यांचं काय, हा प्रश्न तसाच आहे. दोघांनी मला गाठून विचारलं, मुहन्ना काकांना रोज कुणीतरी विचारतं. ते आता सळईपाशी बसून कधी सावली बघतात, कधी पाण्यात हात घालून बसतात.

आणि माझी रेघ? ती जुन्या फलजाची. पंप नसता तर आज पाणी त्या रेघेपर्यंतही पोचलं नसतं. म्हणजे रेघेखालचंही सगळं माझं म्हणता येईल का, हे मी एका सोमवारी रोज्यात असताना स्वतःला विचारलं आणि परत पेला खाली ठेवायची वेळ आली. तेव्हापासून मी एक करते. माझी पाळी आली की दार मोडून पाणी घेण्याआधी भिंतीशी जाते आणि विचारते, "सुलैमा, घेऊ का? हलाल कर." म्हणजे तुझ्याकडून ते मला मोकळं करून दे. सुरुवातीला ती चिडायची. म्हणायची, हे काय खूळ, मी काय फलजाची मालकीण? मी तिथेच उभी राहायचे. मग ती म्हणायची, हलाल, हलाल, घे बाई, माझी दुपारची झोप तेवढी मोडू नकोस. मी दार मोडायचे.

तिनं मला कधी विचारलं नव्हतं. गेल्या फेऱ्याला पहाटेची नमाज मी शेतातच, काचांखाली पढत होते. सुलैमा आली, तिच्या चपला वाजल्या. तळ्याशी बसली असावी. ओल्या लाकडाची करकर झाली आणि थांबली.

"उम्म हमद," ती म्हणाली. आवाज हळू होता, तिचा वाटेना. "सोडू का गं? हलाल कर."

मी कपाळ टेकून सजद्यात होते. नमाजेत बोलता येत नाही, मान हलवता येत नाही. बाहेर पाटात तिची पाळी चालू झालेली, सुतासारखं पाणी तिच्या बागेकडे चाललेलं, आणि ती बोळ्यावर हात ठेवून बसलेली. मला वाटलं, ती उठेल, चिडेल, सोडून देईल. कुणी तिला अडवलं नव्हतं. माझ्या नमाजेची रकात लांबली की तिला तशी वाटली, कोण जाणे. तिनं बोळा हलवला नाही.

नमाज संपवून मी सलाम फेरला आणि म्हटलं, "सोड."